पाय टेकण्याची गोष्ट

(अंबाजोगाई येथे कार्यकर्त्या स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय 'कार्यकर्ती आणि प्रवासाची साधनं' असा छापलाय. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याइतका माझा अभ्यास नाही. मी माझ्या दोन मोटारसायकलींबद्दल बोलणार आहे. पहिली विकली. ती क्रूझर होती, बुटकी, लांबलचक, आरामखुर्चीसारखी. दुसरी आता माझ्याकडे आहे. ती १६० सीसीची, उंच सीटची, जिला पोरं स्पोर्टी म्हणतात. माझी उंची चार फूट अकरा इंच. हे शेवटचं मुद्दाम सांगते, कारण गाडीबद्दल माझ्याशी जो कुणी बोलला त्यानं सुरुवात तिथूनच केली.

आधी गाडी कशासाठी लागली ते सांगते. आपल्या जिल्ह्यात बाईचा प्रवास म्हणजे एसटी. परळीला रेल्वे होती, पण बीड शहरात ती आली थेट २०२५ साली. २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीला एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या सहा महिन्यांत आपलं काम काही थांबलं नव्हतं. नांदवत नाहीत म्हणून माहेरी आलेल्या मुली होत्या, पोटगीच्या तारखा होत्या, वस्तीवरच्या बैठका होत्या. काळीपिवळी मिळाली तर ठीक, नाहीतर कुणाच्या तरी मागं बसायचं. भाऊ, पुतण्या, सरपंचाचा मुलगा, जो मिळेल तो. एकदा तर ज्या माणसाविरुद्ध तक्रार होती, त्याच्याच चुलत भावाच्या गाडीवर बसून मी त्या गावी गेले. रस्ताभर तो मला 'घरातलं प्रकरण घरातच मिटवा' हे समजावत होता. चालत्या गाडीवर मागं बसलेली बाई काय उत्तर देणार?

मागं बसणारीची काळजी कायद्यानं घेतलेली आहे बरं का. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. मागं बसणाऱ्याला धरायला कडं हवं, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाला निम्मंतरी आच्छादन हवं. नियमात बाई हा शब्द कुठंही नाही. पण त्या आच्छादनाला सगळा देश साडी गार्ड म्हणतो. नियम चांगलाच आहे, त्यानं कितीतरी जणींचे जीव वाचले असतील. पण मोटारसायकलवरची बाई कुठं बसते हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे, तेही त्यातून कळतं.

संप चालू असतानाच मी ठरवलं की आता पुढं बसायचं. स्कूटी मला येत होती. पण तांड्यावरच्या आणि वस्तीवरच्या रस्त्यांवर तिची लहान चाकं खड्ड्यात बसतात. मोटारसायकल हवी म्हटल्यावर घरच्यांनी, दारच्यांनी एकमतानं सांगितलं, "तुझ्या उंचीला क्रूझरच. तिच्यावर पाय टेकतात." ओळखीत एक जुनी गाडी विकायला होती. बसून पाहिली तर दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकले. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. मी ती घेतली.

त्या गाडीची निंदा मी करणार नाही. मांजरसुंब्याहून बीडकडे सरळ रस्त्याला ती छान पळायची. पाठ दुखायची नाही. मागची सीट रुंद होती, मावशी पिशवी मांडीवर घेऊन निवांत बसायच्या. अडचण सरळ रस्ता संपला की सुरू व्हायची. क्रूझरवर पाय पुढं पसरलेले असतात, हँडल लांब आणि रुंद असतं. लांब हातापायांच्या माणसाला ते सुखाचं. मला मात्र हँडल पूर्ण वळवायचं तर एका बाजूची मूठ हातातून सुटायला यायची. गल्लीत गाडी फिरवायची म्हणजे घाम फुटायचा. मी आपली स्वतःलाच दोष द्यायचे की आपले हात आखूड. गाडी आपल्या मापाची नाही हा विचार दोन वर्षांत एकदाही मनाला शिवला नाही. पाय टेकत होते ना!

मग २०२३ चा उन्हाळा आला. धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवरून निरोप आला की पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न लावतायत. निरोप तिच्या आईचा होता. हे आपल्याला नवं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभर जणींपैकी चाळीसहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली दिसली. आईबाप उसाला जातात, सहा-सहा महिने गाव सोडतात, वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीनं ती उजवून टाकतात. मी १०९८ ला फोन केला, ग्रामसेवकाला कळवलं आणि केजहून निघाले. आई म्हणाली होती, "ताई, तुम्ही सोताहून या. सायबाफुडं माझ्या तोंडून शबूद फुटायचा नाही."

डांबरी रस्ता सोडून वस्तीकडे वळायच्या जागी मी गाडी थांबवली. दिवस मावळला होता. उताराचा अंदाज आला नाही. डावा पाय टाकला तो खोलगट जागी गेला, गाडी त्या बाजूला कलली आणि कलली ती कललीच. दीडशे किलोच्या वरचं धूड एकदा ठरावीक कोनाच्या पलीकडे गेलं की पायानं थोपत नाही. पाय खाली सापडला नाही हे नशीब. पण गाडी आडवी, पेट्रोल गळतंय आणि मला ती उचलता येईना. पंधरा-वीस मिनिटं मी ओढाताण केली. शेवटी दोघे जण आले. त्यांनी गाडी उचलून दिली आणि एक जण म्हणाला, "अवो ताई, पाय पुरनात तर कामून हिंडवता येवढं धूड?"

मी पोचले तेव्हा मांडवात वऱ्हाड नव्हतं. कुणकुण लागल्यावर ते दुसऱ्या गावाला निघून गेलं होतं. ग्रामसेवक आणि पोलीस माझ्या मागोमाग आले. लग्न दुसरीकडे लागलं. मी वीस मिनिटं आधी पोचले असते तर ते थांबलं असतं असा दावा मी करत नाही. पण ती आई दारात उभी होती, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. ती वीस मिनिटं मी अजून मोजते.

कित्येक दिवस त्या माणसाचं वाक्य डोक्यात होतं. पाय पुरत नाहीत. आणि एके दिवशी लख्ख वाटलं, अगं, पण माझे पाय तर पुरत होते! दोन्ही तळवे सपाट टेकणाऱ्या गाडीवरून मी पडले होते. ज्या एका गुणासाठी ती गाडी घेतली, तो गुण ऐन वेळी कामाला आला नव्हता.

माझ्या गाडीचं काम करणारे एक चाचा आहेत. त्यांच्याजवळ बोलले. ते म्हणाले, "ताई, उंची नको बघू. वजन किती आणि ते कुठं बसतं, ते बघ." मग मी अभ्यासाला लागले. कंपन्या सीटची उंची मिलिमीटरमध्ये छापतात. अव्हेंजरची ७३७, मीटिअर ३५० ची ७६५. त्या क्रूझर. अपाचे आरटीआर १६० ची ७९०, पल्सर एनएस २०० ची ८०५, आर१५ ची ८१५. पण क्लासिक ३५० सुद्धा ८०५ च आहे आणि तिचं वजन १९५ किलो आहे, तर आर१५ चं १४२ च्या आसपास. म्हणजे नुसत्या उंचीच्या आकड्यावरून काही ठरत नाही. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय आखूड पडतात. तीच सीट पुढं निमुळती असेल तर थोडी उंच असूनही पाय खाली पोचतो. दोन चाकांतलं अंतर क्रूझरमध्ये दीड मीटरच्या जवळपास असतं, अपाचेसारख्या गाडीत १३०० मिलिमीटर. तेवढ्यानं गाडी अरुंद जागेत वळते की अडते हे ठरतं. आणि स्पोर्टी गाडीत पाय ठेवायची जागा पुढं नसते, ती आपल्या खाली, थोडी मागं असते. हँडल जवळ असतं. आखूड हातापायांच्या माणसाला ताणावं लागत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी माझे पाय मोजले, हात कुणी मोजले नाहीत.

दुकानात गेले तेव्हा बरोबर भाचा होता, एकोणीस वर्षांचा. विकणारा सगळं त्यालाच सांगत होता. मी म्हटलं, गाडी मला हवीय. तो म्हणाला, "मॅडम, मग स्कूटर दाखवू का?" मी १६० सीसीच्या गाडीवर चढून बसले. दोन्ही पायांची फक्त बोटं टेकली. तो हसला नाही, पण भाच्याकडे बघितलं. मी एका अंगाला सरकले, डावा पाय खाली सोडला, तर चवडा पक्का टेकला. उजवा पाय ब्रेकवर. गाडी हलली नाही. मी म्हटलं, हीच. कागदपत्रं माझ्या नावावर केली. पैसे जुनी गाडी विकून आणि बचत गटाचं कर्ज काढून उभे केले. ते हप्ते मी अजून फेडतेय.

पण मैत्रिणींनो, घेतली आणि उडवली असं झालं नाही. दोन महिने दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर मी आणि चाचा. काय शिकले ते नीट सांगते, कारण तुमच्यातल्या पुष्कळ जणी माझ्याच मापाच्या आहेत.

पहिली गोष्ट, थांबताना दोन पाय लागत नाहीत, एक लागतो. डावा खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. दुसरी, कुठं थांबायचं हे थांबण्याआधी ठरवायचं. आपले रस्ते मधे फुगीर आणि कडेला उतरते असतात. आपण डावीकडून चालतो, म्हणजे डाव्या पायाखालची जमीन नेहमी खोल असते. म्हणून अगदी कडेला, मातीत उतरून थांबायचं नाही. तिसरी, तोंड उताराकडे करून गाडी लावायची नाही. मागं ढकलताना जीव जातो. जमेल तिथं खाली उतरून, शेजारी उभं राहून गाडी ढकलायची. त्यात कमीपणा नाही. चौथी, हळू चालवायला आधी शिकायचं. क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका, नजर जिथं जायचं तिथं. वेगात गाडी स्वतःच तोल सांभाळते, कस लागतो तो चालण्याच्या गतीला.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, पडलेली गाडी उचलणं. आधी इंजिन बंद. गाडी गिअरमध्ये, म्हणजे घरंगळत नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधी उघडायचा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाऊन पडते. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवायचं. गाडीकडे पाठ करून, बूड सीटला टेकवून खाली बसायचं. एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्या हातात मागचं कडं. पाठ सरळ ठेवून, पायांच्या जोरावर, छोटी छोटी पावलं मागं टाकत उठायचं. हे मी आपल्या गटातल्या एका ऊसतोड बाईला दाखवलं, तर तिनं पहिल्याच खेपेला गाडी उभी केली. म्हणाली, "मोळी अशीच उचलत्यात की." मी मात्र त्या रात्री रस्त्यावर वीस मिनिटं हातांनी ओढत बसले होते.

गाडीतही थोडे बदल केले. मागचा शॉकॲब्सॉर्बर सगळ्यात मऊ खुणेवर ठेवला, कारण माझ्या वजनानं तो दबतच नव्हता. सीटचा फोम पुढच्या बाजूला थोडा काढून घेतला. फार काढू नका, मग सीट टोचते. जाड तळाचे बूट घेतले. काही जण गाडीच खाली उतरवून देतात. तसं केलं तर साइड स्टँडही कापून आखूड करावा लागतो, नाहीतर उभी गाडी पलीकडे कलंडते. मी ते केलं नाही, आपले खड्डे पाहता गाडी उंचच बरी. हेल्मेटबद्दल वेगळं सांगत नाही. ते नसेल तर मी कुणाला शिकवत नाही.

आता फरक काय पडला? धारूरच्या घाटात हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चढत असतात, रस्त्यावर उसाची कांडकी पडलेली. क्रूझरवर मी त्यांच्या मागं मागं रांगत जायचे. ही गाडी जरा इशारा केला की वळते, ब्रेक लावला की जागेवर थांबते. वस्तीवरच्या बोळात मी ती एका दमात फिरवते. वेळ थोडाच वाचतो. पण उतरल्यावर हात थरथरत नाहीत, आणि दारात उभ्या असलेल्या बाईकडे माझं पूर्ण लक्ष असतं.

तोटेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही कंपनीची जाहिरात करतेय. पहिले तीन महिने मनगटं भयंकर दुखली. पुढं झुकून बसल्यावर सगळा भार हातांवर येतो. टाकी गुडघ्यांनी घट्ट धरायला शिकल्यावर ते कमी झालं. आणि मागची सीट उंच आणि तोकडी आहे. हे माझ्या मनाला लागून आहे. मावशी पासष्टीच्या पुढच्या. आमच्या भागात हे काम त्यांनी सुरू केलं, तेव्हा मी शाळेत होते. पहिल्या दिवशी गाडी बघून म्हणाल्या, "तुझा घोडा लई उंच झाला गं बाई." मग पारावर चढल्या, नऊवारीचा काष्टा सावरला आणि दोन्हीकडे पाय टाकून पुरुषासारख्या बसल्या. सहावारीवाल्या आम्हाला ते जमत नाही, नऊवारीत जमतं! पण वीस किलोमीटरवर त्यांचे गुडघे धरले. म्हणाल्या, "जवळ येईन, लांब नाही." आता लांबच्या गावाला त्या एसटीनं येतात आणि मी गाडीवर. गाडी माझ्या मापाची झाली तशी मावशींच्या मापाची राहिली नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही. एका बाईची सोय म्हणजे सगळ्या बायकांची सोय नव्हे, एवढं मात्र मी त्यातून शिकले.

जाता जाता दोन गोष्टी सांगते. १९६२ साली बेरिल स्वेन नावाच्या इंग्लंडच्या बाईनं आइल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध शर्यतीत ५० सीसीच्या गटात एकटीनं गाडी चालवली, तिथली ती अशी पहिली बाई. त्यानंतर मोटारसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं चालकासाठी किमान वजनाची अट घातली. ती सडपातळ होती, अटीत बसली नाही, बाहेर गेली. पुढं डानी पेड्रोसा हा जेमतेम सव्वापाच फुटांचा, पन्नास किलोंच्या आसपासचा स्पॅनिश चालक आला. त्यानं जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांवर मोटोजीपीच्या एकतीस शर्यती जिंकल्या. अंग लहान असलं म्हणून गाडी अडत नाही. अडतं ते नियम करणाऱ्यांचं.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. लेडीज सायकली पुरेनात म्हणून बायकांनी दांडीची जेंट्स सायकल घेतली. आणि पुष्कळ जणींना तीच जास्त आवडली, कारण पुढच्या दांडीवर लेकराला बसवता येतं. बायकांसाठी म्हणून जे बनवलं जातं ते बायकांना विचारून बनवलेलं असतंच असं नाही. वापरून बघितल्याशिवाय आपल्यालाही कळत नाही आपल्याला काय हवं.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. क्रूझर वाईट, स्पोर्टी चांगली, असं मी म्हणत नाही. तुमचं काम सरळ रस्त्याचं असेल आणि मागं मावशी असतील तर क्रूझर घ्या. स्कूटी पुरत असेल तर स्कूटी घ्या. पण 'तुझे पाय पुरत नाहीत' हे कुणाच्या तरी तोंडून ऐकून ठरवू नका. बसून बघा, ढकलून बघा, वळवून बघा. आणि जी घ्याल तिच्या कागदावर तुमचं नाव असू द्या.

गाडी बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभी आहे. चहाच्या सुट्टीत या. आधी ती आडवी करू आणि उचलायला शिकू. चालवायचं त्यानंतर बघू.